बोटं सहा, माणसं पाच

आई, काल दुपारी तुझा उजवा हात मला मिरजेत सापडला. दचकू नकोस. हात तुझा नव्हे, कुणा परक्या माणसाचा. तुझ्या पणजीच्याही कितीतरी आधी समुद्रात बुडालेल्या एका खलाशाचा. पण तो टेबलावर जुळला तेव्हा माझ्या तोंडून "आई!" असंच निघालं, आणि शेजारी उभ्या असलेल्या आमच्या विभागातल्या पोरीला वाटलं, मला काहीतरी टोचलं. तेव्हापासून मनातल्या मनात तुझ्याशी बोलणं चाललंय. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ते बोलणं संपेना, म्हणून शेवटी कागद घेतला. तुला अक्षरं लावत वाचायचा कंटाळा. तुझ्या कारभाऱ्यांची, म्हणजे दादांची, फौजेतून आलेली पत्रंसुद्धा तू माझ्याकडून वाचून घ्यायचीस आणि मधेच म्हणायचीस, "हळू वाच गं, पळतीयास कुटं." तर हेही तसंच. मी वाचतेय आणि तू चुलीपुढं बसून ऐकतेयस, असं धरून लिहिते.

तुझ्या उजव्या हाताला सहा बोटं होती. हे तुला मी सांगायला नको, पण मला सुरुवात तिथूनच करावी लागते. करंगळीच्या बाहेरच्या अंगाला आणखी एक, करंगळीच्या निम्म्यानं, नखासकट, वाकवलं की वाकणारं. तू त्याला "धाकलं" म्हणायचीस आणि त्याच्याबद्दल घरातल्या माणसासारखं बोलायचीस. धाकल्याला चटका बसला. धाकल्याला आज थंडी वाजतीया. भाकरी थापताना तुझा हात परातीत गोल फिरायचा, पाच बोटं पिठावर आणि धाकलं कडेकडेनं, त्यामुळं तुझ्या प्रत्येक भाकरीच्या काठाला बारीक खळगे पडायचे. शेजारच्या घरी भाकरी गेली तरी खाणारा ओळखायचा, ही कुणाच्या हातची. पलूसच्या बाजारात कासार तुला लांबून येताना बघायचा आणि पुढ्यातलं गिऱ्हाईक सोडून सरसावून बसायचा. "वैनी, आदी धाकलं मुडपा, मग आंगठा, मग बगू बांगडी कशी जात न्हाई ती." तू धाकलं आत घ्यायचीस, तो तुझा हात दाबत दाबत हिरवी बांगडी सरकवायचा, भोवती बाया जमायच्या, आणि बांगडी न फुटता मनगटावर उतरली की कासारापेक्षा तूच जास्त खूश व्हायचीस. त्या धाकल्यात तू तांब्याचं वेढणं घालायचीस. एवढ्याशा बोटाला मावेल असं वेढणं बाजारात मिळायचं नाही, म्हणून दादांनी ते सांगलीला एका तांबटाकडून मुद्दाम करून आणलेलं. मी म्हणायचे, अगं, बोट हिरवं पडलंय, काढ ते. तू म्हणायचीस, "बाकीच्या बोटास्नी काय काय मिळतंय. त्याला बी काय तरी नको व्हय?"

या बोटापायी मी पहिलीत असताना वर्गाबाहेर उभी राहिले होते. गुरुजींनी विचारलं, "हाताला बोटं किती?" सगळी पोरं "पाच" म्हणून ओरडली. मी हात वर केला आणि विचारलं, "कुणाच्या हाताला?" गुरुजींना वाटलं, पोरगी आगाऊ आहे. "लय शानी झालीस," म्हणाले आणि व्हरांड्यात उभी केली. घरी आल्यावर मी तुला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तू डोक्यावरचा वैरणीचा भारा शाळेच्या पायरीवर टाकलास, पदर सारखा केलास आणि सरळ वर्गात येऊन गुरुजींच्या टेबलावर हात पसरलास. "मोजा गुर्जी." मी पाटीआड तोंड लपवलं. गुरुजींनी चष्मा सावरून खरंच बोटं मोजली, पुन्हा एकदा मोजली, आणि मग असे हसायला लागले की त्यांच्या हातातला खडू खाली पडला. "आवं, मग पोरीनं बराबर इचारलं की! चुकी माजी झाली." त्या दिवशी त्यांनी मला पुढं बोलावून वर्गाकडून पाढे म्हणवून घ्यायला लावले. पुढं शरीराच्या रचनेवरची मोठमोठी पुस्तकं मी वाचली, शिकवायलाही लागले, पण माझा पहिला प्रश्न अजून तोच आहे. हाड हातात दिलं की विद्यार्थी त्याचं नाव सांगतात, डावं की उजवं ते सांगतात. मी म्हणते, कुणाचं ते सांगा.

मिरजेला डॉक्टरकी शिकायला गेले त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी अभ्यासाची हाडांची पेटी घरी आणली होती. वाटलं होतं, तू ती दाराबाहेरच ठेवायला लावशील आणि मला आंघोळीला पिटाळशील. तू आधी विचारलंस, "बाई का बाप्या?" मी कमरेचं हाड बघून म्हटलं, बाई असावी. तू हात पुसत उठून आलीस, जबड्यावर वाकलीस आणि विचारलंस, "हिचं दात असं कशानं झिजलं गं?" मी शिकलेलं नवं नवं होतं, ऐटीत सांगितलं की दगडाची कच पिठात जाते, ती चावून चावून. "मंजी जात्याचं खात व्हती. आमच्यावानीच की!" तुला एवढा आनंद झाला, जशी काही माहेरची ओळख निघाली. मग काय काय विचारत सुटलीस. डोक्यावर पाणी व्हायची का, खाली बसून काम करायची का, जेवत काय असंल. मेली कशी, हे तू एकदाही विचारलं नाहीस. पोरं किती होती ते हाडावरून नीट सांगता येत नाही म्हटल्यावर मात्र तू माझ्या शिक्षणावर थोडी नाराज झालीस.

आणि तो बोटीचा घोटाळा! पुढचं शिक्षण संपल्यावर मला समुद्रकाठच्या एका शहरात काही महिने पाठवलं होतं. तिथं एका जुन्या बुडालेल्या जहाजातले सांगाडे ठेवले होते. तू किराणा दुकानातल्या फोनवर, मी एसटीडी बूथमध्ये, आणि मधे नुसती खरखर. मी ओरडून सांगितलं, "आई, मी बोटीतली हाडं बघतीया." तू ऐकलंस, बोटातली. फोन ठेवलास आणि दुकानातल्या सगळ्यांना सांगितलंस की लेक बोटाची डाक्टर झाली. सुट्टीला घरी आले तर दारात माणसं बसलेली. एकाचं बोट गुऱ्हाळाच्या चरकात चेंगरलेलं, एकीला नखुरडं झालेलं, फौजेतून परतलेल्या एका आजोबांचं बोट वाकतच नव्हतं. मी जिवंत माणसाला औषध देणं कधीच सोडलं होतं. तरी कोमट पाणी, मीठ, मिरजेला कुठल्या दवाखान्यात जायचं, असं जमेल तसं सगळ्यांना सांगितलं. सगळे गेल्यावर तुला समजावायला बसले. "बोट नव्हं गं आई, बोट." मग माझ्याच लक्षात आलं की मी तोच शब्द दोनदा बोललेय. "जहाज गं, जहाज! पाण्यातलं!" मला वाईट वाटलं, कारण लेकीनं धाकल्यापायीच हे शिक्षण घेतलं असं तू मनात धरलं होतंस आणि त्याचा तुला केवढा अभिमान होता. पण तू कसली माघार घेतेस? "जहाजात मानसं व्हती न्हवं?" होती. "त्यास्नी हात व्हतं?" होते. "मग हाताला बोटं न्हवती व्हय? मी काय खोटं सांगितलं लोकास्नी?" आणि इतकी हसलीस की तुला ठसका लागला. तू होतीस तोवर गावात मी बोटाची डॉक्टरच राहिले.

आता कालचं सांगते. कोकणात एका खाडीच्या तोंडाशी गाळ काढताना एक जुनं लाकडी जहाज लागलं. फळ्या, मातीचे रांजण, आणि गाळात रुतून राहिलेली माणसं. तिथल्या गाळात हवा पोचत नाही, म्हणून हाडं टिकली. लाकडाची माहिती असणारे लाकूड घेऊन गेले, रांजणांची माहिती असणारे रांजण, आणि हाडं पेट्यांतून घाट चढून आमच्याकडं आली. माझ्याबरोबर कामाला जतकडची एक पोरगी आहे. पोरगी म्हणजे तिशीतली डॉक्टर, पण घरी अजून मेंढरं आहेत, त्यामुळं कुठलंही हाड दिलं की ती आधी ते मेंढराचं नाही ना हे बघते. आम्ही दोघी पाण्यानं आणि बांबूच्या कामटीनं वाळू, चुन्याची खपली, शिंपल्यांचा थर काढत बसायचो. तुला हे दिवस लय आवडले असते. दंडाच्या हाडांवर दोर ओढून ओढून तयार झालेल्या जाड कडा. घोट्यापाशी उकिडवं बसल्याच्या खुणा, म्हणजे ही माणसं जेवायला आणि गप्पा मारायला तुमच्यासारखीच बसायची. दातांवर पानाचा तांबूस रंग. एकाचा हात कधीतरी मोडून अगदी सरळ सांधला होता. म्हणजे कुणीतरी त्याला फळी बांधली, आणि तो बरा होईतो त्याच्या वाटचा दोर दुसऱ्या कुणीतरी ओढला. एकाचा दात तपासायला बाहेर पाठवला, कारण लहानपणी माणूस भातावर वाढला की भाकरीवर ते दातात उतरलेलं असतं. भाकरी निघाली! मी खुर्चीतून उठलेच. म्हटलं, हा आपल्याकडचा, ज्वारी खाऊन मोठा झालेला. ती पोरगी शांतपणे म्हणाली, "मॅडम, नाचणीनं बी तसंच येतंय. खाली कोकणात नाचणी खात्यात की." मी परत खाली बसले. लिहिताना मी तसं काही लिहिणार नाही, पण तुला म्हणून सांगते, मला अजून तो आपल्याकडचाच वाटतो.

माणसं पाच होती. कवट्या पाच, जबडे पाच, सगळं पाचाच्या हिशेबात बसत गेलं, आणि मग बोटाचं एक हाड उरलं. एवढंसं. दोन्ही टोकं वाळूनं घासून गेलेली. टोकं शाबूत असती तर वाढ पुरी झाली होती की नाही ते लगेच कळलं असतं. पाचही जणांच्या हातांत ते कुठंच बसेना, सगळ्यांना ते फार लहान. आणि त्याच्या एका बाजूला हिरवा डाग, तांब्याचा पडतो तसा. पोरगी हळूच म्हणाली, "मॅडम, ल्हान पोराचं आसंल. दिष्ट लागू नये म्हनून तांब्याचं वळं घातलं आसंल." पोराची बाकीची हाडं का नाहीत, याचंही उत्तर होतं. ती पातळ असतात, पाणी घेऊन जातं. तिचं काहीच चुकत नव्हतं, आणि मलाही दुसरं काही सुचत नव्हतं. तेव्हापासून आमच्या खोलीतली गंमतच गेली. मोठ्या माणसांचं काय, त्यांची अख्खी आयुष्यं हाडांवर उमटलेली होती, ती वाचताना त्यांचं मरण मागं पडायचं. या पोराचं वाचायला काहीच नव्हतं. एक हाड आणि एक डाग. तिकडून कामावरच्या अधिकाऱ्यांचा फोन यायचा. आमचं बघून झालं की किनाऱ्यावरच्या गावकऱ्यांना त्या सगळ्यांना रीतसर मूठमाती द्यायची होती, आणि किती जणांची तयारी करायची ते त्यांना हवं होतं. "पाच ना मॅडम?" मी म्हणायचे, जरा थांबा, बहुतेक सहा, त्यातलं एक लहान मूल. गावातल्या बायांनी पोरासाठी सावलीतली वेगळी जागा बघून ठेवलीय, असं ते एकदा म्हणाले.

काल डबा खाऊन पुन्हा बसलो. एका खलाशाच्या उजव्या हाताचं काम राहिलं होतं. करंगळीच्या मागं तळहातात जे हाड असतं, त्याच्या टोकावर शिंपल्यांचा थर असा घट्ट बसला होता की ते आम्ही मागं मागं ठेवत आलो होतो. कामटीनं खपली सुटली. मी हाड पाण्यात धुतलं आणि टोकावरून अंगठा फिरवला. ते रुंद लागलं. असायला हवं त्याहून बरंच रुंद, मधे एक घळ, घळीच्या आत करंगळी बसायची जागा, आणि बाहेरच्या अंगाला आणखी एक जागा, बारकी, गुळगुळीत. आई, जत्रेच्या गर्दीत मी तुझं बोट धरायचे ते धाकलंच. माझ्या मुठीत तेवढंच मावायचं, आणि त्याच्या बुडाशी कातडीखालचं ते रुंद हाड माझ्या तळव्याला लागायचं. माझ्या तोंडून तुझी हाक गेली ती तेव्हा. उरलेलं हाड मी त्या बारक्या जागेवर ठेवलं. टोक झिजलेलं होतं, तरी बसलं. पोरगी वाकून बघायला लागली, तिचं बोट एकेका बोटावरून पुढं सरकत गेलं आणि शेवटाला थांबलं. "मॅडम, सा?"

"सहा."

"मग पोर?"

"पोर न्हाईच गं! जहाजावर पोर नव्हतंच!"

हाताला बोटं पाचच असणार असं धरून आम्ही बसलो होतो, म्हणून माणसं सहा होत होती. बोटं सहा धरली आणि माणसं पाच झाली. घाईनं काही ठरवू नये म्हणून क्ष-किरणाची फिल्म काढली, दुसऱ्या एका जाणत्या डॉक्टरांना बोलावून दाखवलं, त्यांनीही मान डोलावली. ते गेले आणि त्या पोरीनं माझे दोन्ही हात धरले. या वयात मी फुगडी घातली, आई, हाडांच्या टेबलाशेजारी. शिपाई आत डोकावला, आमच्याकडं बघितलं आणि दार ओढून निघून गेला. मग धाप लागलेल्या आम्ही दोघी पुन्हा त्या हातापाशी आलो. हिरवा डाग आता सहाव्या बोटावर होता. चांगला भरलेल्या दंडाचा, दोर ओढणारा गडी, आणि त्यानं तांब्याचं वेढणं घातलं होतं ते त्या एवढ्याशा बोटात. ते बाकी कुठल्याच बोटात गेलं नसतं. कुणीतरी ते त्याच्या मापानं करून दिलं असणार, आई, बायको, नाहीतर बंदरातला एखादा तांबट. त्यानं ते बोट लपवलं नव्हतं, सजवलं होतं. तो जगला कसा, हे मला त्या एका डागानं जेवढं सांगितलं तेवढं बाकीच्या हाडांनी मिळून सांगितलं नाही.

मी लगेच कोकणात फोन लावला. "सर, पाच." "आणि मूल?" "मूल नव्हतं. एक सहा बोटांचा माणूस होता." ते म्हणाले, "मॅडम, एक मिनिट हां, फोन चालू ठेवा," आणि मला त्यांचं ओरडणं ऐकू आलं, "अहो मावशी, पोर नाही हो बुडलं! नव्हतंच पोर!" मागून बायांचा कालवा उठला, कुणीतरी मोठ्यानं हसलं, कुणीतरी देवाचं नाव घेतलं. मला तो कालवा लय ओळखीचा वाटला.

हे पत्र मी कुठं टाकणार? दोनदा वाचून झालं, तू ऐकलंस असं मी समजते. एक गोष्ट मात्र राहिली, आणि ती मी त्या पोरीलाही सांगितलेली नाही. पोर होतं असं आम्ही समजत होतो त्या दिवसांत मी एकदा कामासाठी सांगलीला गेले होते, आणि येताना त्याच्यासाठी गुडीशेव घेऊन आले. जत्रेत मिळते तसली, गुळात घोळवलेली. इतकी वर्षं हाडांत काढलेली बाई मी, आणि तो पुडा माझ्या खोलीतल्या खणात ठेवून रोज येता-जाता खण उघडून बघत होते. काल सगळे घरी गेल्यावर तो बाहेर काढला. मला साखर झालीय, ती तुझ्यामागं झाली, त्यामुळं तुला माहीत नाही. गोड खायला सक्त मनाई आहे. मी खिडकीपाशी उभी राहून अख्खा पुडा संपवला. कुणासाठी ठेवायचं नव्हतं, म्हणून एक तुकडाही ठेवला नाही.